ताईंचं शिक्षण वाया गेलं का?

डॉक्टर, स. न.

मी ५९ वर्षांची, सांगलीत राहते. दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले. माझी मोठी बहीण ७४ वर्षांची आहे. संस्कृत घेऊन एम.ए., पुढे बी.एड., हायस्कूलमध्ये पस्तीसेक वर्षं नोकरी, निवृत्तीनंतरही घरी शिकवण्या. दोन वर्षांपूर्वी तिला अल्झायमरचं निदान झालं. तेव्हा ती गीतेचे अध्याय म्हणत होती. आज स्वतःच्या मुलाला "आपण कोण?" विचारते. दोन वर्षांत इतकं? आणि दुसरीकडे माझ्या सासूबाई, वय ८७, जत तालुक्यात दिरांकडे असतात. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण कोणाकडे किती दूध जातं आणि कोणाची किती बाकी आहे ते अजून तोंडपाठ. मेंदू वापरला की टिकतो म्हणतात. मग ताईने काय कमी वापरला?

मला आता धास्ती बसली आहे. परवा समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचं नाव आठवेना, रात्रभर झोप नाही. मुलाने मोबाईलवर मेंदूच्या व्यायामाचं अ‍ॅप घेऊन दिलंय, वर्षाचे पैसे भरून. शिवाय रोज तीन सुडोकू सोडवते. वेळच वेळ आहे. घरात बोलायला कोणी नाही. ह्यांना ऐकू कमी येतं, कानाचं मशीन आणून दीड वर्ष झालं, ते कपाटात आहे. मला पण हे होणार का? आणखी काय करू?

एक वाचक, सांगली

—

सप्रेम नमस्कार.

सुडोकूचं नंतर बघू. आधी ताईंचं, कारण प्रश्न तुम्ही तीन-चार विचारलेत, पण सल एकच दिसतो. एवढी शिकलेली बाई, तिला हे व्हावं कसं, आणि व्हायचंच होतं तर इतक्या झपाट्याने का?

तुम्ही बँकेत होतात, त्यामुळे माझं काम सोपं आहे. शास्त्रज्ञ ज्याला कॉग्निटिव्ह रिझर्व्ह म्हणतात, म्हणजे मेंदूची राखीव ताकद, त्याला आपला गंगाजळी हा शब्द चपखल बसतो. दोन बँका धरा. दोघींची सारखीच कर्जं बुडाली. पहिलीची गंगाजळी बेताची. तिथे महिन्याभरात कुरकुर सुरू होते, काउंटरवर "उद्या या" ऐकू येतं, गावात कुजबुज होते. दुसरीची गंगाजळी भक्कम. तिथेही कर्जं तेवढीच बुडतायत, पण ठेवी वेळेवर परत मिळतात, व्याज जमा होतं, वार्षिक सभेला चहा-चिवडा होतो. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. मग एक दिवस गंगाजळी आटते आणि शटर खाली येतं. लोक म्हणतात, "अहो, कालपर्यंत तर चांगली चालली होती!" कालपर्यंत ती चांगली दिसत होती, एवढंच. आपल्या भागात हे कोणाला वेगळं समजावून सांगायला नको.

ताईंचं असंच झालं असावं. अल्झायमरमध्ये मेंदूत दोन प्रथिनं साचत जातात, पेशींच्या बाहेर अमिलॉइड आणि पेशींच्या आत टाऊचे गुंते. हे साचणं लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू झालेलं असतं. म्हणजे ताईंच्या मेंदूत त्याचा शिरकाव झाला तेव्हा त्या बहुधा अजून नोकरीत होत्या, खडू हातात घेऊन 'रामः रामौ रामाः' करून घेत होत्या. बुडीत खातं वाढत होतं आणि ताई रोजचे व्यवहार गंगाजळीतून भागवत होत्या. निदान झालं त्या दिवशी आजार नवा नव्हता, कागद नवा होता.

हा तुमचं मन राखण्यासाठी केलेला तर्क नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले याकोव्ह स्टर्न हे या विषयातलं मोठं नाव. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली एक साधी पण चलाख तुलना केली. बोलण्या-वागण्यात आजार सारख्याच पायरीवर असलेले अल्झायमरचे रुग्ण घेतले आणि त्यांच्या मेंदूतला रक्तपुरवठा मोजला. जास्त शिकलेल्यांच्या मेंदूचा मागचा आणि बाजूचा भाग जास्त उजाड निघाला. वरून दोघं सारखेच, आतून मात्र शिकलेल्या माणसाचा आजार कितीतरी पुढे गेलेला. त्यानंतरच्या अभ्यासांत दुसरी बाजूही दिसली. अशा लोकांची घसरण एकदा सुरू झाली की ती जास्त वेगाने होते. २००७ साली न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागातल्या, पुढे स्मृतिभ्रंश (म्हणजे डिमेन्शिया, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) झालेल्या ११७ लोकांच्या जुन्या चाचण्या तपासल्या, तेव्हा दिसलं की शिक्षणाच्या दर वर्षामागे वेगाने घसरायला लागण्याचा क्षण सुमारे अडीच महिने लांबतो, आणि एकदा घसरण लागली की ती दर वर्षामागे थोडी तीव्र होते. हा आकडा व्याजदराच्या तक्त्यासारखा ताईंच्या एम.ए., बी.एड.ला लावत बसू नका, तो सरासरीचा आहे. पण दिशा तीच आहे. ताईंचं शिक्षण वाया गेलं नाही. ते खर्च झालं. निवृत्तीनंतर त्यांनी ज्या शिकवण्या घेतल्या, त्यातली काही वर्षं या खर्चातूनच आलेली असण्याची दाट शक्यता आहे.

आता तुमच्या घरातले सगळे मागे वळून बघत असतील. हो, खुणा होत्या. ताई सगळं डायरीत लिहून ठेवायला लागल्या होत्या का? काही विचारलं की "तूच सांग बघू" म्हणायच्या का? शिक्षकांच्या बाबतीत हे फार वेळा ऐकलंय मी. उत्तर आठवेना की प्रश्न वर्गावर परत फेकायचा, ही या पेशातली जुनी युक्ती आणि ती घरातही खपून जाते. नेहमीच्या चाचण्याही अशा माणसांना बराच काळ चकवतात. आजची तारीख, शंभरातून सात वजा, तीन शब्द लक्षात ठेवा, हे ताई हसत हसत करून गेल्या असत्या. तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही म्हणून स्वतःला किंवा भाच्याला बोल लावू नका.

गंगाजळीची कल्पना आली कुठून, तेही सांगते, कारण ती गोष्ट मला फार आवडते. १९८८ साली रॉबर्ट कॅट्झमन आणि सहकाऱ्यांनी एका शुश्रूषागृहात वारलेल्या १३७ वृद्धांच्या मेंदूंचा अभ्यास छापला. त्यातले दहा जण अडचणीचे ठरले. मेंदूत अल्झायमरच्या खाणाखुणा भरपूर, पण जिवंतपणी ही माणसं तिथल्या सर्वांत तल्लख लोकांमध्ये मोडत होती. त्यांचे मेंदू जड होते, मोठ्या पेशी जास्त शिल्लक होत्या. आजार होता, पण ते त्याला पुरून उरलेले होते.

त्याच सुमारास, १९८६ मध्ये, डेव्हिड स्नोडन यांनी अमेरिकेतल्या ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यात ६७८ जणी आल्या, सगळ्या ७५ च्या पुढच्या. अभ्यासाला याहून सोयीचं कोण मिळणार? सगळ्यांचं जेवण सारखं, घर सारखं, व्यसन नाही, नवरा नाही. (शेवटचं कारण संशोधकांनी या शब्दांत मांडलेलं नाही, ते माझं.) मेल्यावर मेंदू अभ्यासाला द्यायचा, असं वचन त्यांनी दिलं होतं. त्यातल्या सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत चाचण्यांत गुण उत्तम. मेंदू उघडला तर आत टाऊचे गुंते आणि अमिलॉइड मुबलक. गंमत पुढे आहे. या जोगिणींनी विशीच्या सुरुवातीला, दीक्षा घेण्याआधी, स्वतःबद्दल पान-दोन पानं लिहून दिलेली मठाच्या कपाटात सापडली. ज्यांच्या वाक्यांत विचार गच्च भरलेले होते त्यांच्यात साठ वर्षांनी हा आजार कमी आढळला. आता याचा अर्थ काय लावायचा? तरुणपणी घडलेला मेंदू पुढे टिकतो, असा एक अर्थ. मुळात काही मेंदू जन्मतःच दणकट असतात आणि तेच चांगलं लिहितात, असा दुसरा. दोन्ही थोडं थोडं खरं असावं, असं माझं मत.

आता सासूबाई.

त्यांच्यावरून "शाळेत न गेलेलं बरं" असा निष्कर्ष काढू नका. ८७ व्या वर्षी खणखणीत असलेल्या सासूबाई आपल्याला दिसतात. त्यांच्या बरोबरीच्या ज्या बायका सत्तरीत विसरायला लागल्या, "म्हातारी भ्रमिष्ट झाली" म्हणून ओसरीवर बसून राहिल्या आणि गेल्या, त्या दिसत नाहीत. भारतभरातल्या ज्येष्ठांच्या पाहणीतून २०२३ साली आकडे आले. साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, आणि न शिकलेल्यांत जास्त. आपल्या आज्या-पणज्यांना शाळेत घातलं नाही, त्याची किंमत अशीही मोजली जातेय.

पण गंगाजळीत भर फक्त शाळेतूनच पडते, असं कोणी सांगितलं? जत तालुक्यातल्या म्हणता, म्हणजे सासूबाई घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलत असणार. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली तो अभ्यास आला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला. आणि शाळेत कधीच न गेलेल्यांत हा फरक जास्तच, सहा वर्षांचा. तेलुगू, हिंदी, दख्खनी यांची रोजची सरमिसळ असलेलं ते गाव. आपल्या सीमाभागासारखंच. तिसऱ्या भाषेने मात्र आणखी फायदा झालेला दिसला नाही. सगळेच अभ्यास याला दुजोरा देत नाहीत, हेही सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या स्पॅनिशभाषक स्थलांतरितांना पुढे वर्षानुवर्षं तपासलं, तेव्हा दोन भाषांमुळे स्मृतिभ्रंश टळल्याचं आढळलं नाही. तरी आपल्याकडच्या माणसांवर, आपल्याकडच्या भाषांवर झालेला अभ्यास म्हणून मी हैदराबादला वजन देते. ठरलेल्या क्षणी एक भाषा दाबून दुसरी वर काढायची, हा मेंदूचा व्यायाम सासूबाई चूल पेटवायच्या आधीपासून करतायत. त्यात दुधाचा तोंडी हिशोब, बाकीदाराशी हुज्जत, नातवंडांचं लटांबर. वही नसल्यामुळे डोकं हीच वही.

तुमच्या बाबतीत. समोरच्या बाईंचं नाव आठवलं नाही आणि मग कधीतरी, भाजी चिरताना, आपसूक आठवलं असेल. हो ना? मग झोपा. विशेषनावं सगळ्यात आधी निसटतात, कारण नावाला अर्थाचा खुंटा नसतो. सुतार म्हटलं की रंधा, लाकूड, भुसा असं बरंच काही मनात उभं राहतं, पण कुलकर्णी म्हटलं की काही उभं राहत नाही. वयानुसार मेंदूचा वेग मंदावतो, तो तर तिशीपासूनच मंदावू लागलेला असतो. शब्दसंग्रह मात्र साठीपर्यंत वाढत राहतो. काळजी कशाची करायची? तासाभरात तोच प्रश्न चार वेळा विचारला जाणं. रोजच्या रस्त्यावर चुकणं. तुमच्यासारखीला पासबुकातल्या नोंदीचा अर्थ न लागणं. स्वभावच पालटणं. यातलं काही असेल, आणि विशेषतः घरच्यांना ते तुमच्याआधी जाणवलं असेल, तर डॉक्टरांकडे जा. नसेल तरी एकदा बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते, त्याने विसरायला होतं आणि ते भरून काढता येतं. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या जुन्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा.

सख्ख्या बहिणीला आजार असला की आपला धोका काहीसा वाढतो, हे खरं आहे. पण ताईंना तो सत्तरीनंतर झाला. घरात पिढ्यानपिढ्या चाळीशी-पन्नाशीत होणारा, एका जनुकाच्या बिघाडाने येणारा प्रकार अगदी विरळा, तो हा नव्हे. अल्झायमरचा धोका वाढवू शकणाऱ्या एपीओई नावाच्या जनुकाची तपासणी करून द्या म्हणून माझ्याकडे अनेक जण येत. मी विचारायचे, उत्तर काहीही आलं तरी उद्यापासून तुम्ही वेगळं काय कराल? गप्प बसायचे.

आणि आता ते अ‍ॅप. मुलाने प्रेमाने दिलंय, त्याला दुखवू नका, पण पुढच्या वर्षीचे पैसे भरू नका. अमेरिकेत २०१६ साली अशाच एका नावाजलेल्या कंपनीने "स्मृती जाणार नाही" छापाच्या जाहिराती केल्याबद्दल तिथल्या व्यापार आयोगाने तिच्याकडून २० लाख डॉलर वसूल केले. मेंदूच्या सरावावर एक मोठा प्रयोग २,८३२ ज्येष्ठांवर झाला. ज्याचा सराव करावा ते सुधारतं, बाकी गोष्टींत फारसं झिरपत नाही, असा त्याचा एकंदर सूर. पडद्यावर झटकन पाहून ओळखण्याच्या एका ठरावीक सरावाचे मात्र दूरचे परिणाम आशादायक निघाले आहेत, त्यामुळे सगळंच थोतांड असंही मी म्हणणार नाही. पण रोज तीन सुडोकू सुटतायत याचा अर्थ सुडोकू तुम्हाला जमतात. ज्या बाईने आयुष्यभर आकडे जुळवले, तिने निवृत्तीनंतरही आकडेच जुळवायचे?

अमेरिकेत डॅलस इथे डेनिस पार्क यांनी साठ ते नव्वद वयाच्या २२१ जणांवर केलेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना गोधडी शिवायला शिकवलं. हो, गोधडीच. आठवड्याला पंधरा तास, तीन महिने. दुसऱ्या गटाला नुसतं जमून गप्पा आणि सहली, तिसऱ्याला घरी बसून शब्दकोडी आणि संगीत. घटनांची स्मृती सुधारली ती नवीन आणि अवघड काही शिकणाऱ्यांची. आपल्याकडे गोधडी शिवणाऱ्या बाईला कोणी मेंदूचा व्यायाम करतेस म्हणालं असतं तर तिने सुई खाली ठेवून बघितलं असतं. तेव्हा तुम्हाला जे येत नाही ते शिका, चुकत शिका, माणसांत बसून शिका. माझी सूचना हवी असेल तर कन्नड शिका. शिकवणारी जतला बसलेली आहे. रोज संध्याकाळी फोन लावा, "ऊटा आयता?" (जेवण झालं का?) पासून सुरुवात करा. सासू सुनेला चूक काढायची संधी सोडणार नाही, त्यामुळे शिकवणी बुडणार नाही.

पण खरं सांगू? तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खुपलं ते वाक्य ताईंबद्दलचं नाही आणि विसरण्याबद्दलचंही नाही. "घरात बोलायला कोणी नाही." आणि लगेच पुढचं, मशीन कपाटात.

२०२४ साली लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी दिली. ही चौदाही कारणं पूर्ण दूर झाली तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज. (हा समाजाचा हिशोब आहे, एका माणसाचा नाही. ४५ टक्के सुरक्षित अशी कोणी व्यक्ती नसते.) त्या यादीत कमी ऐकू येणं सर्वांत वरच्या दोघांत आहे, वाईट कोलेस्टेरॉलच्या जोडीला, दोघांचा वाटा सात-सात टक्के. एकटेपणाचा पाच टक्के. तुमच्या घरात ऐकू न येणं आणि एकटेपणा एकमेकांना धरून बसलेत. यजमानांच्या मेंदूला शब्द अर्धवट पोचतात, ते जोडण्यात त्याची शक्ती जाते, मग माणूस बोलणंच टाळतो, "तुम्हीच ठरवा" म्हणतो, टीव्ही मोठा करतो. आणि समोरची व्यक्ती तेच वाक्य तीनदा ओरडून सांगायला कंटाळून चौथ्यांदा बोलतच नाही. एकाचे कान गेले की दोघांचं बोलणं जातं.

मशीन लावल्याने स्मृतिभ्रंश टळतोच का? २०२३ साली अमेरिकेतल्या ९७७ ज्येष्ठांवरच्या तीन वर्षांच्या प्रयोगाचा निकाल आला. सगळे मिळून पाहिलं तर फरक दिसला नाही. पण वय जास्त, हृदयविकाराचा धोका जास्त, अशा गटात मशीन लावणाऱ्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. मी तेवढ्यावरही "लावा" म्हणेन, आणि तो प्रयोग झाला नसता तरी म्हटलं असतं, कारण त्याने बायकोशी बोलता येतं.

मशीन कपाटात जाण्याची कारणं मला पाठ आहेत. भांडी आपटल्यासारखी वाटतात, स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, लग्नात नुसता गोंगाट. हे सगळं खरं असतं. कित्येक वर्षं जे आवाज मेंदूने ऐकलेच नाहीत ते एकदम आले की तो भांबावतो. सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्यांदाच लग्नाला लावून जाऊ नये. घरात, शांत वेळी, समोरासमोर बसून, तास-दोन तास, मग वाढवत न्यायचं. दीड वर्षात ऐकणं बदललेलंही असेल, तेव्हा ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन मशीन नव्याने बसवून, आवाज जुळवून घ्यावं लागेल. आधी कानात मळ साठलाय का तेवढं डॉक्टरांना बघू द्या. निम्म्या तक्रारी कधीकधी तिथेच निघून जातात. यजमानांना स्मृतिभ्रंशाची भीती घालू नका, त्याने कोणी मशीन लावत नाही. "मला बोलायला कोणी नाही" हे मला लिहिलंत तसं त्यांना सांगा. मोठ्याने सांगावं लागेल, त्याला इलाज नाही.

बाकीचं भरभर. बीपी मोजा आणि आटोक्यात ठेवा, हे माझ्या मते या वयात सुडोकूपेक्षा शंभरपट महत्त्वाचं. २०१९ साली नऊ हजारांहून अधिक लोकांच्या प्रयोगात वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांत सौम्य विस्मरणाचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी दिसलं. मात्र आकडा किती ठेवायचा ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, गोळ्या आपल्या मनाने वाढवायच्या नाहीत. साखर आणि कोलेस्टेरॉल बघा. मोतीबिंदू आहे का बघा, नीट न दिसणं हेही त्या चौदांत आलंय. रोज दम लागेल असं चाला, कृष्णाकाठी चालायला जागा आहे. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १,२६० लोकांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि बीपी-साखरेवर लक्ष, असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा फरक पडला. सगळं एकत्र, हे महत्त्वाचं. आणि मन फार खालावलेलं असेल तर तेही सांगा. निवृत्ती आणि बहिणीचं आजारपण लागोपाठ आलंय तुमच्यावर.

ताईंकडे गेलात की "मी कोण, ओळख बघू" हे विचारणं घरातल्या सगळ्यांनी बंद करा. जन्मभर परीक्षा घेतलेल्या बाईची रोज परीक्षा घेऊन तिला नापास का करायचं? आत गेल्या गेल्या "ताई, मी तुझी धाकटी" असं स्वतःच सांगून टाका. मग जवळ बसा आणि लहानपणी दोघींनी मिळून म्हटलेलं काहीतरी सुरू करा, 'शुभं करोति' असेल, 'भीमरूपी' असेल. पहिली ओळ म्हणा आणि दुसरी अर्ध्यावर सोडा. फार जुनं पाठांतर बहुतेक वेळा शेवटपर्यंत तग धरतं. ओळ पुरी झाली तर पुढे चला. नाही झाली तर तुम्हीच पुरी करा, तिच्याकडे न बघता. ताईंची पेन्शन, नोव्हेंबरचा हयातीचा दाखला, बँकेतली नावं आणि सह्या हे सगळं भाच्याला जमणार नाही, ते तुमचं क्षेत्र आहे, तुम्ही हाती घ्या. नुसतं मुखत्यारपत्र पुरेल असं समजू नका. देणाऱ्या व्यक्तीची समज राहिली नाही की त्याचा आधार जातो, त्यामुळे एकदा वकिलाचा सल्ला घ्या. भाच्याला आणि ताईंच्या सुनेला ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनचा नंबर द्या. आणि त्या सुनेला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळेल असं बघा, मग ती झोपली तरी चालेल.

ऑडिओलॉजिस्टकडे याच आठवड्यात जा, दोघं मिळून. मशीन सेलवर चालणारं असेल तर निघताना सेल नवीन घ्या. एकदा स्टिकर काढलं की न वापरताही ते उतरतात, आणि तुमचे तर दीड वर्ष कपाटात आहेत.